घरच्या घरी मोटरसायकलचे फूट कंट्रोल्स बनवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फूटरेस्ट, गिअर लिव्हर, ब्रेक पेडल आणि त्यांना जोडणाऱ्या दांड्या स्वतः बनवू पाहणाऱ्यांना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ड्रिल, कानस आणि टॅप हाताळायची सवय आहे असं गृहीत धरलं आहे. गिअरची बाजू चुकली तर गिअर नीट पडत नाहीत. ब्रेकची बाजू चुकली तर गाडी थांबत नाही. कुठल्या उत्तरावर जास्त वेळ घालवलाय ते यावरून ठरलं आहे.

रिअरसेट, मिड आणि फॉरवर्ड कंट्रोल्स यांपैकी घरी काय जमण्यासारखं आहे?

रिअरसेटमध्ये पाय मागे आणि थोडे वर जातात, मिडमध्ये ते साधारण गुडघ्याखाली राहतात, फॉरवर्डमध्ये इंजिनाच्या पुढे. पहिल्यांदाच करत असाल तर रिअरसेट घ्या. चेसिसवर फूटरेस्टची किंवा मागच्या सीटवाल्याच्या फूटरेस्टची मूळ भोकं असतात, त्यांवरच प्लेट बसवता येते आणि लिंकेज (लिव्हर ते गिअर किंवा ब्रेक जोडणाऱ्या दांड्या) छोटं राहतं. फॉरवर्डला लांब दांड्या लागतात, बऱ्याचदा मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणारा पंप) हलवावा लागतो आणि ब्रेकचा पाईपही नवा करावा लागतो. शिवाय पाय पुढे गेले की खड्डा आला तरी पायांवर उभं राहता येत नाही, सगळा दणका कंबरेत जातो. दिसायला झकास असतं, हे मान्य.

फूटरेस्ट किती मागे आणि किती वर घ्यावा?

दुसऱ्याच्या गाडीचं माप उचलू नका. गाडी स्टँडवर सरळ उभी करा, दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे रचा आणि पाय त्यांवर ठेवून हँडल धरून बसा. ठोकळे मागे-पुढे, वर-खाली करत राहा. अर्धा तास बसून मांडी भरून आली नाही, मनगटावर भार आला नाही, की जागा सापडली. बहुतेकांचं उत्तर मूळ जागेपासून ५० ते १०० मिमी मागे आणि त्याहून थोडं कमी वर असं येतं. हँडल उंच ठेवून नुसते पाय मागे घेतले तर शरीर धड सरळही नाही आणि धड वाकलेलंही नाही अशा अवस्थेत अडकतं. त्यामुळे आधी हँडलचं ठरवा, मग पायांचं.

शंका असेल तर प्लेटवर फूटरेस्टसाठी दोन-तीन भोकं ठेवा, पण एकमेकांना इतकी चिकटून नकोत की मधे धातूच उरणार नाही.

थेट धातू कापायला घेतला तर चालेल का?

चालेल, पण तीच प्लेट दोनदा कापावी लागेल. आधी जाड पुठ्ठा, मग त्यावरून प्लायवूडची प्लेट. ती खऱ्या बोल्टने चेसिसवर बसवा आणि एकेक गोष्ट तपासा : किक मारताना पाय किंवा किक लिव्हर आडवा येतो का, साइड स्टँड पूर्ण उघडतो-मिटतो का, टाच सायलेन्सरला किंवा चेनला लागते का. सर्वांत जास्त विसरली जाणारी तपासणी म्हणजे स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा, वर-खाली हलणारा भाग. शॉकअप सोडून चाक हाताने पूर्ण वर उचला आणि मास्टर सिलिंडर, पाईप, दांडी यांपैकी काही चेपतंय का ते बघा. स्टँडवरच्या गाडीत सगळं मोकळं दिसतं, दोघं बसून खड्ड्यात गेल्यावर दिसत नाही.

कुठला धातू वापरावा?

प्लेटसाठी ६०६१-टी६ ॲल्युमिनियम हा सरळ पर्याय. हॅक्सॉने कापता येतं, कानसीला येतं, आटे चांगले पडतात आणि यील्ड स्ट्रेंग्थ (धातू कायमचा वाकायला लागतो तो ताण) साधारण २७५ मेगापास्कल, म्हणजे साध्या माइल्ड स्टीलच्या (सुमारे २५०) बरोबरीची. ७०७५-टी६ जवळजवळ दुप्पट ताकदीचं, पण नेहमीच्या वेल्डिंगला ते जुमानत नाही आणि गंज लवकर धरतं. ३०४ स्टेनलेस दिसायला उत्तम, मात्र यील्डमध्ये माइल्ड स्टीलपेक्षा कमीच, आणि ड्रिल करताना जरा थांबलात की तिथेच कडक होऊन बसतं. भंगारातली कुठलीही ॲल्युमिनियमची पट्टी उचलू नका. दिसायला सगळी सारखीच, पण खिडकीच्या चौकटीचं मऊ ॲल्युमिनियम फूटरेस्टला लावलं तर ते वाकणारच.

लिव्हर, पेडल आणि फूटपेगची (फूटरेस्टचा पाय टेकायचा दांडा) पिन यांसाठी मी स्टीलच धरतो. ॲल्युमिनियमला थकवा येतो : लहान लहान भार लाखो वेळा पडला की इशारा न देता तडा जातो. स्टील बहुधा आधी वाकतं, म्हणजे निदान सांगून तरी जातं.

प्लेट किती जाड हवी? ६ मिमी पुरेल?

इथे अंदाजपंचे चालत नाही, हिशेब करू. ८० किलोचा माणूस एका फूटपेगवर उभा राहिला तर भार साधारण ७८५ न्यूटन. खड्ड्याच्या दणक्यासाठी तिप्पट धरा, म्हणजे सुमारे २३५० न्यूटन. पाय प्लेटपासून १०० मिमी बाहेर टेकतो असं मानलं तर प्लेटवर येणारा वाकवणारा मोमेंट २३५ न्यूटन-मीटर.

आता ६० मिमी रुंद पट्टी घ्या. वाकण्याला होणारा विरोध रुंदी गुणिले जाडीचा वर्ग भागिले सहा.

६ मिमी जाडीला हे उत्तर ३६० घन मिमी येतं आणि ताण ६५० मेगापास्कलच्या वर जातो. ॲल्युमिनियम काय, माइल्ड स्टीलही वाकेल.
८ मिमीला ताण सुमारे ३६७. तरीही जास्तच.
१० मिमीला २३५. इथे ६०६१-टी६ कसंबसं बसतं.

जाडीचा वर्ग होतो म्हणून दोन मिलीमीटरने एवढा फरक पडतो. तेव्हा सपाट प्लेट १० मिमी घ्या, किंवा पातळ स्टील घेऊन मागून रिब वेल्ड करा. वजन कमी करायला प्लेटमध्ये गोल भोकं पाडायची हौस असेल तर ती वरच्या रिकाम्या भागात भागवा. फूटपेग आणि चेसिसचे बोल्ट यांच्या मधल्या पट्ट्यात नको, सगळा ताण तिथूनच जातो.

फूटपेगला एम८ बोल्ट चालेल का?

वरचाच भार घेऊ. फूटपेगचा बूड २२ मिमी व्यासाचा आहे आणि एकच बोल्ट त्याला प्लेटवर आवळून धरतो. पाय दाबला की बूड खालच्या कडेवर टेकतो आणि बोल्ट ओढला जातो : २३५ भागिले ०.०११, म्हणजे २१ किलोन्यूटनच्या आसपास. ८.८ ग्रेडच्या एम८ बोल्टचा प्रूफ लोड (कायमचा न ताणता बोल्ट झेलतो तो भार) तेवढाच, सुमारे २१ किलोन्यूटन. शिल्लक काहीच नाही. एम१० ला तोच आकडा ३३ च्या पुढे जातो. म्हणून एम१०, ग्रेड ८.८ किंवा वर. बूड जितका रुंद तितका बोल्ट सुखी. २२ ऐवजी ३० मिमी केला तर ओढ १६ किलोन्यूटनच्या खाली येते.

बोल्ट नीट आवळलेला हवा, एम१० साठी साधारण ४५ ते ५० न्यूटन-मीटर. सैल बोल्टवर ओढ येत नाही, तो वाकतो, आणि वाकवायला आटे असलेला बोल्ट फार दुबळा. ॲल्युमिनियममध्ये आटे पाडणार असाल तर बोल्ट आत किमान दीड व्यास जायला हवा. जागा असेल तर आरपार भोक आणि मागे नायलॉक नट, हा त्याहून बरा मार्ग.

फूटपेग घडीचा नसला तर काय बिघडतं?

वळणावर गाडी झुकली आणि पक्का फूटपेग रस्त्याला टेकला तर तो टेकू होतो आणि मागचं चाक उचलू शकतो. घडीचा पेग टेकल्यावर मागे-वर दुमडतो, घासल्याचा आवाज येतो आणि तुम्ही सावध होता. उंच रिअरसेटवर पक्के पेग लावणारे बरेच आहेत. रस्त्याच्या गाडीला मी तरी घडीचेच लावीन, मूळ गाडीचेच पेग काढून नव्या प्लेटवर बसवले तर उत्तमच. दुमडण्याची दिशा सरळ वर नको, मागे आणि वर अशी तिरकी हवी.

गिअर लिंकेजचा कोन कसा ठरवायचा?

शांत स्थितीत, म्हणजे पाय लावलेला नसताना, जोडदांडी दोन्ही आर्मशी ९० अंशात असली पाहिजे : एकदा लिव्हरच्या आर्मशी, एकदा गिअर शाफ्टच्या आर्मशी. तसं असेल तर वर आणि खाली दोन्हीकडे पायाला सारखाच जोर आणि सारखीच चाल मिळते. कोन ६० अंशांवर आला की आर्मची उपयोगी लांबी ८७ टक्केच उरते, आणि एका दिशेला ती आणखी घटत जाते. मग माणसं म्हणतात, "खाली छान पडतो, वर जाताना अडकतो", आणि दोष गिअरबॉक्सला देतात.

आर्मची लांबीही बघा. शाफ्टवरचा आर्म आखूड केला तर लिव्हर थोडा हलवूनही शाफ्ट जास्त फिरतो, पण जोर जास्त लागतो. लांब केला तर उलट : हलका, पण पाय लांब न्यावा लागतो आणि अर्धवट गिअर पडायची शक्यता वाढते. सुरुवातीला दोन्ही आर्म सारखे ठेवा. लिव्हरची टोकापर्यंतची लांबीही मूळच्या जवळपास असली की सवयीचाच गिअर मिळतो.

दांडीच्या एका टोकाला उजवे आणि दुसऱ्या टोकाला डावे आटे ठेवले तर दोन्ही रॉड एंड (टोकांचे फिरते सांधे) न काढता दांडी फिरवून लांबी बदलता येते. चेक नट विसरू नका. रॉड एंड दांडीत किमान दीड व्यास आत गेलेला हवा, बाहेरून दिसत नाही म्हणून रॉड एंडच्या आट्यांवर आधीच खूण करून ठेवा.

रिअरसेट बसवल्यावर गिअर उलटे पडायला लागले. का?

दोन आर्मपैकी एक वर आणि एक खाली बसला असेल. दोन्ही एकाच बाजूला असतील तर लिव्हर आणि शाफ्ट एकाच दिशेने फिरतात, विरुद्ध बाजूंना असतील तर उलट. शाफ्टवरचा आर्म काढून अर्धा फेरा फिरवून बसवा, काम झालं. दुसरं कारण : लिंकेज टाळायला मूळ लिव्हरच शाफ्टवर मागे वळवून बसवणं. त्यात पॅटर्न उलटणारच. रेसिंगवाले मुद्दाम उलटा पॅटर्न ठेवतात, पण रोजच्या गाडीत, विशेषतः ती घरातलं आणखी कुणी चालवत असेल तर, हा खेळ नको.

गिअर शाफ्टवर बसणारा आर्म घरी बनवता येतो का?

आतले दाते घरी पाडता येत नाहीत. मूळ लिव्हरचा दातेवाला भाग कापून घ्या आणि त्यावर नवा आर्म वेल्ड करा. वेल्ड करताना तो शाफ्टवर चढवलेला नसावा, नाहीतर ऑइल सील जळेल. त्याचा आवळायचा बोल्ट शाफ्टच्या खाचेतून जातो, त्यामुळे बोल्ट पूर्ण काढल्याशिवाय आर्म ठोकून काढायचा प्रयत्न करू नका. मूळ लिव्हर ॲल्युमिनियमचा असेल तर स्टीलचा जुना लिव्हर शोधा.

ब्रेक पेडल मूळपेक्षा छोटं केलं. ब्रेक कडक का लागतो?

कारण तरफेचं गुणोत्तर बदललं. पिव्होटपासून पायाच्या टोकापर्यंतचं अंतर भागिले पिव्होटपासून पुशरॉडच्या (मास्टर सिलिंडरचा पिस्टन ढकलणारी दांडी) पिनपर्यंतचं अंतर, हा तो आकडा. समजा मूळ पेडलमध्ये १८० आणि ४० मिमी आहे, म्हणजे ४.५. तुम्ही पेडल १२० मिमी केलंत आणि पिन ४० वरच ठेवलीत, की गुणोत्तर ३ वर आलं. तेवढ्याच पायाच्या जोरात ब्रेकवर एक तृतीयांश दाब कमी पोहोचणार. ४.५ परत हवं असेल तर पिन पिव्होटपासून २७ मिमीवर आणा.

म्हणून जुनं पेडल काढण्याआधी ही दोन मापं व्हर्निअरने घ्या आणि वहीत लिहून ठेवा. मूळ कंपनीने ते गुणोत्तर त्या मास्टर सिलिंडरच्या व्यासासाठी ठरवलेलं असतं. ते वाढवण्याचाही मोह नको. पेडल मऊ लागेल, पण चाल लांबेल आणि ब्रेक लागायच्या आत पेडल तळाला टेकू शकेल.

इथेही ९० अंशांचा नियम आहे, फक्त शांत स्थितीत नाही. पॅड डिस्कला चावतात त्या जागी पुशरॉड आणि आर्म काटकोनात यायला हवेत.

मास्टर सिलिंडर हलवताना काय सांभाळायचं?

पुशरॉड सिलिंडरच्या बोअरच्या सरळ रेषेत असू द्या. तिरका असेल तर पिस्टन एका कडेला घासतो आणि सील लवकर जातं. ब्रेक ऑइलची डबी सिलिंडरच्या वर हवी, तिचा पाईप मधे कमानीसारखा वर चढता कामा नये, त्या उंचवट्यात हवा अडकून बसते.

आणि सर्वांत महत्त्वाचं, पुशरॉडला मोकळीक. पेडल सोडलेलं असताना पुशरॉड आणि पिस्टनमध्ये अर्धा ते एक मिलीमीटर प्ले जाणवलाच पाहिजे. तो नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि डबीकडे जाणारं बारीक छिद्र बंद राहतं. ब्रेक तापला की ऑइल फुगतं, त्याला परत जायला वाट नसते, पॅड डिस्कला दाबलेले राहतात, त्याने आणखी ताप, आणखी दाब, आणि शेवटी चालत्या गाडीचं मागचं चाक जाम. गॅरेजमध्ये सगळं व्यवस्थित वाटतं, दहा-पंधरा मिनिटं चालवल्यावर प्रकार सुरू होतो. त्यामुळे बाहेर नेण्याआधी पेडलवर बोट ठेवून प्ले बघायची सवय लावा.

पेडलला स्वतःची रिटर्न स्प्रिंग आणि वरचा स्टॉपर हवा. मास्टर सिलिंडरच्या आतल्या स्प्रिंगच्या भरवशावर पेडलचं वजन टाकू नका. पाईपचे बँजो बोल्ट (पाईप जोडणारे, आतून पोकळ बोल्ट) उघडलेत तर तांब्याचे वॉशर नवे घाला.

मागे ड्रम ब्रेक आहे. मग तर सोपंच ना?

हायड्रॉलिक नाही म्हणून सोपं, पण एक मेख आहे. पेडलपासून ड्रमपर्यंत जाणारी दांडी स्विंगआर्मबरोबर वर-खाली होते. मूळ गाडीत पेडलचा आर्म स्विंगआर्मच्या पिव्होटजवळ ठेवतात, म्हणजे चाक हललं तरी दांडीची लांबी फारशी बदलत नाही. तुम्ही तो वर किंवा मागे नेलात तर खड्ड्यात ब्रेक आपोआप लागू किंवा ढिला होऊ शकतो. शॉकअप सोडून चाक पूर्ण वर-खाली करत ड्रमचा आर्म हलतो का ते बघा. हलत असेल तर दांडीऐवजी केबल हा चांगला उपाय.

ब्रेक लाइटचा स्विच?

स्प्रिंगने ओढला जाणारा मूळ स्विच नव्या पेडलशी जमत नसेल तर हायड्रॉलिक ब्रेकला बँजो बोल्टमध्येच बसणारा प्रेशर स्विच मिळतो. ड्रमला मूळ स्विचसाठी छोटं ब्रॅकेट करा. लाइट ब्रेक लागण्याच्या जरा आधी पेटायला हवा.

लिव्हर फिरतो तिथे बेअरिंग हवं का?

ब्राँझचा बुश पुरतो, तेल मुरवलेला मिळाला तर आणखी बरं. ड्रिलने थेट पाडलेल्या भोकात बोल्ट घालून लिव्हर फिरवू नका. ड्रिलचं भोक थोडं मोठं आणि किंचित वेडंवाकडं पडतं, शिवाय बोल्टचे आटे बुशला कानसीसारखे खातात. शोल्डर बोल्ट वापरा, म्हणजे गुळगुळीत भागावर लिव्हर फिरेल आणि बोल्ट पूर्ण आवळूनही लिव्हर जाम होणार नाही. बुश लिव्हरपेक्षा केसभर लांब ठेवायचा, ही त्यातली किल्ली. दोन्ही बाजूंना ओ-रिंग लावली की धूळ-चिखल आत जात नाही.

लेथ नाही. अडेल का?

बुश आणि फूटपेग एवढीच लेथची कामं, ती बाहेरून करून घ्या. बाकी हॅक्सॉ, कानशी, शिकंजा, सेंटर पंच, टॅपचा सेट आणि जमलं तर स्टँडवरचा ड्रिल. हातातल्या ड्रिलने १० मिमी प्लेटमध्ये काटकोनात भोक पाडणं कर्मकठीण, आणि फूटपेगचं भोक तिरकं गेलं तर ते पाय ठेवल्याक्षणी कळतं. एम६ च्या टॅपला ५, एम८ ला ६.८ आणि एम१० ला ८.५ मिमीचं ड्रिल. ॲल्युमिनियमला रॉकेलचे थेंब टाकत राहा, टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. ॲल्युमिनियम लोखंडाच्या ग्राइंडिंग डिस्कवर घासू नका. डिस्क भरते, तापते आणि फुटू शकते.

कापून झालं की सगळ्या कडा कानसीने गोल करा, आतले कोपरे तर नक्कीच. तडा नेहमी धारदार आतल्या कोपऱ्यातून किंवा हॅक्सॉच्या ओरखड्यातून सुरू होतो.

ॲल्युमिनियम वेल्ड केलं तर?

६०६१-टी६ ची ताकद उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेली असते. वेल्डच्या शेजारी ती प्रक्रिया पुसली जाते आणि यील्ड निम्म्यावर किंवा त्याखाली येते. त्यामुळे भार घेणारा जोड बोल्टचा ठेवा. ॲल्युमिनियम थंड असताना काटकोनात वाकवायलाही जाऊ नका, बाहेरच्या बाजूला तडे दिसतील.

स्टील वेल्ड करताना काही विशेष?

क्रोम किंवा जस्ताचा थर घासून पूर्ण काढा, त्यांचा धूर विषारी असतो. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या भागावर वेल्डिंग कधीच नको : त्यातून फॉसजीन तयार होतो आणि तो जीव घेऊ शकतो. गाडीवरच टाका मारायचा असेल तर बॅटरी आणि ईसीयूची (इंजिन चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जोडणी सोडवा, पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवा, आणि अर्थिंगची क्लिप वेल्डच्या अगदी जवळ लावा. ती लांब लावली तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो. मी गाडीवर फक्त टाके मारतो, पक्कं वेल्डिंग खाली काढून.

थ्रीडी प्रिंट केलेले भाग?

माप बघायला अप्रतिम, प्लायवूडपेक्षाही सोयीचे. चालवायला नाही.

पडल्यावर सगळं मोडणार का?

काहीतरी मोडणारच, ते काय असावं हे तुम्ही ठरवा. लिव्हरच्या टोकाचा, पाय लागतो तो छोटा तुकडा वेगळा करून एम६ बोल्टने लावा. गाडी आडवी झाली की तो बोल्ट जाईल. एकसंध जाड लिव्हर केलात तर तो धक्का गिअर शाफ्टपर्यंत पोहोचेल, आणि वाकलेला शाफ्ट म्हणजे इंजिन उघडणं आलं.

रस्त्यावर नेण्याआधी चाचणी कशी घ्यायची?

गाडी कुणाला तरी धरायला लावून एका पेगवर पूर्ण वजनाने उभे राहा, हलकेच उसळ्या मारा. मग प्लेटला स्केल लावून वाक आला का बघा. ब्रेक पेडल घाबरल्यावर दाबतो तेवढ्या जोराने दहा-वीस वेळा दाबा आणि पिना, वेल्ड, पुशरॉड तपासा. मागचं चाक हाताने फिरवून पेडल दाबा-सोडा, सोडल्यावर ते लगेच मोकळं फिरलं पाहिजे. मग मोकळ्या जागेत संथ चालवा, सारे गिअर वर-खाली टाका, थांबून डिस्क किंवा ड्रम नको तितका तापलाय का ते लांबूनच हाताने अजमावा.

प्रत्येक बोल्ट आवळल्यावर नट आणि प्लेट यांवर रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय. पहिल्या फेरीनंतर सगळे पुन्हा टॉर्क करा. पिनांना स्प्लिट पिन, आटे पाडलेल्या भोकांतल्या बोल्टना मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर. वेल्डमध्ये तडा असल्याचा संशय आला तर डाय पेनिट्रंटचा स्प्रे मारा, बारीकशी चीरही लाल रेघ होऊन दिसते.

कायद्याने चालतं का?

जिथे गाडी नोंदलेली आहे तिथले बदलाचे नियम आणि विम्याच्या अटी काम सुरू करण्याआधी वाचा, संपल्यावर नाही.

मूळ भाग टाकून द्यावेत का?

नाही. एका डब्यात सगळे बोल्ट, स्प्रिंगा आणि पेडल एकत्र ठेवा. गाडी विकताना ते लागतातच. त्याआधीही, नव्या सेटमध्ये कुठे तडा दिसला तर तो दुरुस्त होईपर्यंत गाडी जुन्याच पेडलवर चालवता येते.